बर्लिनच्या काचघरात सापडलेलं ब्राझील

रिओ दि जानेरो शहराच्या अगदी पोटात तिजुका नावाचं जंगल आहे. तिथे वनखात्याची माणसं काही ठरावीक झाडं शोधत फिरतात. झाड सापडलं की बुंध्याभोवतीची साल गोल कापून काढायची, म्हणजे पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत जात नाही आणि झाड हळूहळू उभ्या उभ्या वाळतं. एवढा राग कोणत्या झाडावर असेल? कोकणातल्या मंडळींनी मन घट्ट करा. ते झाड आहे फणस.

आपल्या सह्याद्रीतला फणस १७व्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ब्राझीलला पोहोचला. तिजुकाचे डोंगर कॉफीच्या मळ्यांसाठी उघडेबोडके झाले होते. १८६१ पासून तिथे पुन्हा जंगल लावलं गेलं, तेव्हा फणसही त्यात होता. त्याला तिथलं हवापाणी इतकं मानवलं, की एकेका फणसातून पडलेल्या आठळ्यांची रोपं दाटीवाटीने उगवायला लागली आणि तिथल्या मूळ झाडांच्या रोपांना जागाच उरेना. घरच्या अंगणातला लाडका फणस सातासमुद्रापार जाऊन दादागिरी करतोय, हे वाचून मला आधी हसू आलं, मग जरा वाईटही वाटलं.

पण हिशोब दोन्ही बाजूंनी आहे. पुण्यात मुळा-मुठेवर, मुंबईत पवई तलावावर, कोल्हापुरात रंकाळ्यावर जो हिरवा गालिचा दिसतो ना, ती जलपर्णी मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. तिथे तिला खाणारे छोटे सोंडेवाले किडे आहेत, त्यामुळे ती आटोक्यात राहते. इथे ती किडे मागे ठेवून आली, आणि वर आपण तिला सांडपाण्याचं खत फुकट पुरवलं. ती इथे आली कशी? जांभळी फुलं छान दिसतात म्हणून, शोभेसाठी. डोंगरावरची घाणेरी किंवा टणटणी हीसुद्धा अमेरिका खंडातून बागेसाठीच आणली गेली. म्हणजे बागेत काय लावायचं हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. कंपाउंडच्या आत लावलेलं झाड कंपाउंडच्या आत राहील, याची गॅरंटी कोण देणार?

या प्रश्नात अख्खं आयुष्य घालवलेला एक माणूस त्याच रिओत होता. रॉबर्तो बुर्ले मार्क्स. नाव ऐकलं नसेल, पण त्याचं काम तुम्ही बहुतेक पाहिलंय. कोपाकबाना बीचला लागून काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटांचा तो फेमस फूटपाथ आठवतोय? कुणाच्या तरी इन्स्टावर, नाहीतर फुटबॉल वर्ल्डकपच्या वेळी टीव्हीवर पाहिला असेल. लाटांचं ते डिझाइन त्याच्याही आधीपासून तिथे होतं. १९७० साली रस्ता रुंद झाला तेव्हा त्याने त्या लाटा मोठ्या केल्या आणि बाजूच्या पट्ट्यांवर लाल, काळ्या, पांढऱ्या दगडांत सुमारे चार किलोमीटर लांबीचं चित्रच काढलं. पण आज मला त्याच्या फूटपाथबद्दल नाही, झाडांबद्दल सांगायचंय.

रॉबर्तोचा जन्म ४ ऑगस्ट १९०९ चा, साव पावलो शहरातला. वडील जर्मनीहून आलेले ज्यू व्यापारी, आई ब्राझीलच्या ईशान्येकडच्या रेसिफे भागातल्या घराण्यातली. आई पियानो वाजवायची, गायची आणि बागेत रमायची. तो लहान असतानाच कुटुंब रिओला आलं. सातव्या-आठव्या वर्षापासून हा मुलगा वाफे करणं, बी पेरणं, रोपं सांभाळणं यात गुंतलेला. पण त्या काळच्या रिओतल्या चांगल्या घरांच्या बागा कशा होत्या? गुलाब, कार्नेशन, ग्लॅडिओलस. युरोपात जे फुलतं ते आपल्याकडे फुललं पाहिजे, मग उन्हाने ते कोमेजून का जाईना. आणि ब्राझीलची स्वतःची झाडं? त्यांच्यासाठी पोर्तुगीजमध्ये एक शब्द आहे, मातो. आपण 'रान माजलंय' म्हणताना ज्या सुरात 'रान' म्हणतो, तोच सूर. मातो म्हणजे उपटून टाकायची गोष्ट.

१९२८ साली सगळं कुटुंब दीड वर्षासाठी बर्लिनला गेलं. रॉबर्तो तेव्हा १९ वर्षांचा, म्हणजे तुमच्यातल्या एफवाय-एसवायवाल्यांच्या वयाचा. डोळ्यांवर उपचार करायचे होते आणि जमलं तर गाणं शिकायचं होतं. त्याचा आवाज चांगला होता. तिथे त्याने ऑपेरा ऐकले, म्युझियम्स पालथी घातली, व्हॅन गॉगची चित्रं पाहिली आणि गाण्याऐवजी चित्रकला डोक्यात बसली. चित्रांचा सराव करायला तो दालेम इथल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचा. बाहेर बर्लिनचा हिवाळा आणि आत गरम, दमट काचघरं.

त्या काचघरात त्याला ब्राझील भेटला.

त्याच्या घरामागच्या टेकडीवर जी झाडं 'मातो' म्हणून उगवायची, त्यांच्याच नात्यागोत्यातली झाडं इथे काचेआड, नावाची पाटी लावून, राजेशाही थाटात ठेवलेली. जर्मन लोक तिकीट काढून ती बघायला येत होते. ज्या देशात ही झाडं फुकट उगवतात तिथल्या बागेत त्यांना जागा नाही, आणि ज्या देशात ती बाहेर एक रात्र जगणार नाहीत तिथे त्यांच्यासाठी काचेचे महाल. या विसंगतीने त्याच्या आयुष्याची दिशा ठरली, हे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. (आपली एखादी गोष्ट बाहेरच्यांनी डोक्यावर घेतली की मगच आपल्याला ती दिसते, हे फक्त आपल्याकडेच होतं असं मला वाटायचं. तसं नाहीये, एवढंच समाधान.)

१९३० मध्ये परत येऊन त्याने रिओच्या आर्ट स्कूलमध्ये प्रवेश घेतला. आर्किटेक्ट लुसिओ कोस्टा त्या सुमाराला संस्थेचा प्रमुख होता आणि रॉबर्तोच्या गल्लीतला शेजारीही. रॉबर्तोने घराच्या परसात गोळा केलेली झाडं त्याने पाहिली आणि १९३२ मध्ये आपण डिझाइन करत असलेल्या एका बंगल्याची बाग या विद्यार्थ्याला देऊन टाकली. इंटर्नशिपसुद्धा नाही, थेट काम! पुढे ब्रासिलिया या नव्या राजधानीचा आराखडा करणारा तो हाच कोस्टा.

१९३४ मध्ये रेसिफे शहराच्या बागांचा कारभार त्याच्याकडे आला. वय २५. इथे त्याने जे केलं ते मला त्याच्या नंतरच्या भव्य कामांपेक्षाही जास्त धाडसी वाटतं. शहरातल्या एका चौकात त्याने पाण्याची बाग केली आणि त्यात ॲमेझॉनची राक्षसी कमळं सोडली, ती परातीएवढ्या नव्हे, परातीच्या कितीतरी पट मोठ्या पानांची. ती लोकांना आवडली. पण दुसऱ्या एका चौकात त्याने निवडुंग लावले. रेसिफेच्या मागे आत गेलं की काटिंगा नावाचा कोरडा, काटेरी प्रदेश लागतो. दुष्काळ, उपासमार, स्थलांतर यांच्यासाठी बदनाम. आपल्याकडे माण-खटाव किंवा आष्टी-पाटोद्याचं नाव घेतल्यावर मुंबई-पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांसमोर जे येतं, साधारण तसंच. त्या प्रदेशातली झाडं त्याने थेट शहराच्या देखण्या चौकात आणून उभी केली. मग काय, वर्तमानपत्रातून टीकेची झोड. शहर सुधारायचं सोडून हा माणूस आपल्याला जंगलात नेतोय, असा एकंदर सूर. दुष्काळी भागाची झाडं दारात नकोत, यामागे त्या भागातली माणसं दारात नकोत हेही थोडं असावं, असं मला हे वाचताना वाटत राहिलं.

तीन वर्षांत तो रिओला परतला आणि मग कामांची रीघ लागली. कोस्टा, ऑस्कर निमायर यांच्या गटाने शिक्षण मंत्रालयाची नवी इमारत बांधायला घेतली होती. तिच्या गच्चीवरची बाग त्याने केली. वरून पाहिलं तर ती एखादं मॉडर्न पेंटिंग वाटते, वळणावळणाचे रंगीत डबके शेजारी शेजारी ओतल्यासारखे. प्रत्येक डबका म्हणजे एकाच जातीच्या झाडांचा मोठा गट. तो चित्रकार होता ना! आपल्याकडच्या बागांत दर दोन फुटांवर वेगळं रोप असतं, तसं त्याचं नव्हतं.

पण चित्रकाराला एक गोष्ट ठाऊक नव्हती, ती म्हणजे कोणतं झाड कुणाच्या शेजारी सुखाने राहतं. ती त्याला मेलो बारेटो या वनस्पतिशास्त्रज्ञाने शिकवली. १९४०च्या दशकात मिनास जेराइस राज्यात काम करताना हे दोघं डोंगर-कपाऱ्यांत भटकायचे. खडकावर काय उगवतं, ओढ्याकाठी काय, कुणाच्या सावलीत काय, हे जागेवर बघायचं आणि तशीच सोबत बागेत जुळवायची. देशी झाडं लावा असं आपण पर्यावरणाच्या प्रोजेक्टमध्ये एका ओळीत लिहून मोकळे होतो. पण कुठलं देशी? कोकणातलं झाड सोलापुरात देशी म्हणून लावलं तर ते तिथे परकंच ठरतं. मेलो बारेटोने त्याला नकाशा असा बारीक करायला शिकवला.

आता खरी अडचण. ही झाडं मिळणार कुठे? नर्सरीत ती नव्हतीच, कारण कुणी मागत नव्हतं, आणि कुणी मागत नव्हतं कारण ती कुणी पाहिलीच नव्हती. हे चक्र आजही तसंच आहे. या लेखाच्या निमित्ताने मी एका नर्सरीत जाऊन देशी झुडपं आहेत का विचारलं, तर मला देशी गुलाब दाखवण्यात आला. कुडा, धायटी, मुरुडशेंग ही नावं घेतल्यावर काकांनी माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहिलं आणि कुंपणासाठी ड्युरांटा घेऊन जा म्हणाले. ड्युरांटा अमेरिकेतला.

रॉबर्तोने यावर सरळ उपाय केला. १९४९ मध्ये भावाबरोबर रिओच्या पश्चिमेला ग्वारातिबा इथे एक जुनी वाडी विकत घेतली. तिथे १७व्या शतकातलं छोटं चर्च, मोडकळीला आलेलं घर आणि डोंगराचा उतार होता. ब्राझीलमध्ये अशा वाडीला सिटिओ म्हणतात. ट्रक घेऊन, सोबत माळी, वनस्पतिशास्त्रज्ञ, विद्यार्थी असा सगळा गोतावळा घेऊन तो देशभर मोहिमा काढायचा आणि आणलेली झाडं सिटिओवर वाढवायचा. तिथे तयार झालेली रोपं मग त्याच्या बागांत जायची. हळूहळू तिथे साडेतीन हजारांच्या आसपास जाती जमल्या. या भटकंतीत शास्त्राला माहीतच नसलेली झाडंही सापडली. कितीतरी जातींना त्याचं नाव दिलं गेलं, आणि बुर्लेमार्क्सिया नावाची अख्खी एक प्रजातीच आहे. एका बागवाल्यासाठी हा सन्मान कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठा असावा.

रविवारी सिटिओवर जेवणावळी असायच्या. टेबलावरचं कापड त्याने स्वतः रंगवलेलं, फुलांची मांडणी त्याची, आणि जेवण रंगात आलं की गाणंही त्याचंच. बर्लिनमधला तो आवाज वाया गेला नाही म्हणायचा.

१९६५ मध्ये रिओचं फ्लेमेंगो पार्क खुलं झालं. शहरातली एक टेकडी कापून तिची माती समुद्रात टाकली होती, त्या भरावावरची ही सुमारे १२० हेक्टरची बाग. नुसता हायवे करायचा सोडून तिथे लोकांसाठी बाग झाली, याचं श्रेय लोटा द मासेदो सोआरेस या जिद्दी बाईला. खारा वारा, भरावाची माती आणि कडक ऊन. इथे नाजूक काहीच टिकलं नसतं.

आता त्याच्या आयुष्यातला तो भाग, जो मला अजून नीट पचलेला नाही. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता हातात घेतली. रॉबर्तोने सरकारी कामं सोडली नाहीत. ब्रासिलियात लष्कराच्या मुख्यालयासमोरची बाग त्याचीच आहे. १९६७ ते १९७४ तो सरकारच्या संस्कृतीविषयक परिषदेचा सदस्य होता. त्याच काळात, १९७० मध्ये, त्याच सरकारने ॲमेझॉनचं जंगल चिरत जाणारा हायवे सुरू केला. लोकांना जमिनी दिल्या, गुरांसाठी जंगलं जाळली गेली.

पण गंमत बघा, हाच माणूस त्या परिषदेत बसून जंगलतोडीविरुद्ध जाहीरपणे बोलत होता. ज्यांनी खुर्ची दिली त्यांच्याच तोंडावर. भाषणं केली, लेख लिहिले, आगी लावणाऱ्यांना गुन्हेगार ठरवलं. हे त्याच्यासाठी केवळ तत्त्वाचं भांडण नव्हतं. दहा वर्षांपूर्वी ज्या दरीतून एखादं झाड आणलं, तिथे पुन्हा गेल्यावर दरी असायची, जंगल नसायचं. उरलेलं झाड त्याच्या वाडीवर. जंगलातून झाडं उचलून आणणं बरोबर का, हा प्रश्न आज आपण विचारू, विचारायलाही हवा. पण त्याच्यापुढे अनेकदा पर्याय होता तो त्याची कुदळ किंवा बुलडोझर. आतून बोलावं की बाहेर पडून बोलावं यावर आमच्या हॉस्टेलच्या खोलीत तासभर वाद झाला, निकाल लागला नाही. बाहेर पडला असता तर आवाज स्वच्छ राहिला असता, पण ऐकला कुणी असता?

आणि एक गोष्ट लपवायला नको. रॉबर्तो कट्टर देशीवादी नव्हता. त्याच्या सिटिओवर आशिया-आफ्रिकेतली झाडंही होती, आणि त्याने ती बागांत बिनधास्त वापरली. परदेशी झाड म्हणजे आपोआप शत्रू, असं तो मानत नव्हता, आणि शास्त्रही तसं म्हणत नाही. आपली बोगनवेलच घ्या. तिची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली ती १७६७ मध्ये, एका फ्रेंच जहाजावरच्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडून, आणि तीही रिओत! आज ती प्रत्येक सोसायटीच्या गेटवर आहे, पण तिने सह्याद्री गिळलेला नाही. घाणेरीने तो प्रयत्न चालवलाय. पुण्याच्या टेकड्यांवर पिवळा-केशरी कॉसमॉस पसरतो, त्यात उभं राहून आपण फोटो काढतो आणि त्याखाली कोणतं रानफूल दबलं ते आपल्याला माहीतही नसतं. फरक करायचा तो इथे. झाड कुठून आलं एवढंच पुरेसं नाही, ते इथे आल्यावर काय करतं आणि त्याला आवरणारं इथे कुणी आहे का, हे बघायला लागतं. रॉबर्तोच्या हयातीत या प्रश्नाचा अभ्यास आजच्याइतका झाला नव्हता, त्यामुळे आजचा एखादा तज्ज्ञ त्याच्या झाडांच्या यादीतली काही नावं नक्की खोडेल.

उतारवयात, १९७३ पासून, तो कायमचा सिटिओवर राहायला गेला. १९८५ मध्ये त्याने घर, चित्रं, झाडं, सगळी वाडी सरकारला देऊन टाकली, म्हणजे ती विकली जाऊन तिथे प्लॉट पडणार नाहीत. ४ जून १९९४ रोजी तो तिथेच गेला, ८४ व्या वर्षी. दीड महिन्याने ब्राझीलने फुटबॉलचा वर्ल्डकप जिंकला, त्या जल्लोषात बागवाल्याची आठवण किती जणांना असेल कोण जाणे. २०२१ मध्ये युनेस्कोने सिटिओला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

फ्लेमेंगो पार्कमध्ये त्याने काही तालिपॉट पाम लावले होते. हा ताडाच्या नात्यातला वृक्ष आपल्या दक्षिण भारतातला आणि श्रीलंकेतला. याची पानं प्रचंड मोठी. दक्षिणेत पूर्वी पोथ्या लिहायला ती वापरायचे. हे झाड तीस-चाळीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त, नुसतं वाढत राहतं. मग एकदाच शेंड्यावर लाखो बारीक फुलांचा डोलारा उभारतं, फळं धरतं आणि मरतं. रॉबर्तोने ती रोपं लावली तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता, आणि झाडांचं वेळापत्रक त्याला पाठ होतं. त्यांतली काही झाडं तो गेल्यानंतर फुलली. ती बघायला रिओचे लोक मान वर करून, मोबाइल हातात घेऊन बागेत गर्दी करतात, आणि खाली पडलेली बियाणी कुणी कुणी खिशात घालून घरी नेतात.